गोधडी आणि आठ तास



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार चळवळीवर बोलावे. ती रास्तच होती. गेटवर सभा घेणे, मागणीपत्रे लिहिणे, मालकाशी आणि प्रसंगी आपल्याच माणसांशी भांडणे, यात आमची तीस वर्षे गेली. शाळा दहावीलाच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात, पाळी सुटल्यावर. अशा माणसाने 'गोधडी' हा विषय कळवला तेव्हा चालकांना वाटले, आमच्या हस्ताक्षरामुळे वाचण्यात काही चूक झाली असावी. एकाने दूरध्वनी करून विचारलेसुद्धा. चूक नव्हती. आणि आम्ही चळवळीवरच बोलणार आहोत. फरक एवढाच की, आजचे गेट कारखान्याचे नाही, घराचे आहे.

घरी शिवण-टिपण करणाऱ्या, गोधडी घालणाऱ्या, भरतकाम करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, "हल्ली काही करता की नाही?" उत्तर ठरलेले असते: "हौस फार आहे हो, पण वेळच काढता येत नाही." 'वेळ काढणे' हा शब्द आपण किती सहज वापरतो! पण काढायचा म्हणजे कोठून काढायचा? विहिरीतून पाणी काढतात, कारण विहिरीत ते असते. बँकेतून पैसे काढतात, कारण कोणीतरी आधी भरलेले असतात. या बाईच्या खात्यावर वेळ भरला कोणी? हा हिशेब पाहिल्याशिवाय तिला "थोडा वेळ काढत जा" असा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णावर व्याख्यान देण्यासारखे आहे.

हा हिशेब आम्हांला सुचला नाही. तो आमच्यापुढे मांडला गेला, आणि मांडणारी व्यक्ती आमच्या घरातलीच होती. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मेची सभा आटोपून आम्ही रात्री घरी आलो. सभेत आम्ही आठ तासांच्या दिवसावर बोललो होतो आणि टाळ्या बऱ्या पडल्या होत्या. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास आपल्या मर्जीचे, ही जुनी घोषणा. रॉबर्ट ओवेनने ती १८१७ साली मांडली, १८८६ साली शिकागोचे कामगार तिच्यासाठी रस्त्यावर आले, आणि १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने आपला पहिलाच ठराव आठ तासांवर केला. हे सगळे आम्ही जेवताना पुन्हा एकदा घरी ऐकवीत होतो. सौभाग्यवतींनी ताटात भात वाढला आणि सहज विचारले, "अहो, आणि माझी पाळी किती वाजता सुटते?"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. कपाटाच्या वरच्या फळीवर एक गाठोडे होते, त्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ती गोधडी सासूबाई गेल्या तेव्हापासून अर्धी पडली आहे. सहा वर्षे झाली. मला आठ तास नकोत. आठवड्याचा एक द्या." भगिनींनो, मालकांच्या अनेक प्रतिनिधींना आम्ही वाटाघाटीत निरुत्तर केले आहे. त्या रात्री आम्हांला उत्तर सुचले नाही.

आता थोडा इतिहास. ठाणेकरांना तो माहीत असावा, पण उजळणीने बिघडत नाही. हिंदुस्थानातील कामगार चळवळीचे आद्य पुरुष रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, आपल्या याच ठाण्यातला. त्या काळी मुंबईच्या गिरण्या सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालत. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तर कामही मोठे, आणि सूर्यावर दावा लावता येत नाही! आठवड्याची सुटी अशी ठरलेली नव्हती. १८८४ साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात पहिली मागणी होती रविवारच्या सुटीची आणि दुसरी दुपारच्या अर्ध्या तासाच्या विसाव्याची. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

पुढची पावलेही पाहा. १८९१ च्या कायद्याने कारखान्यातल्या स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा पडली. १९२२ साली आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ साली चोपन्न झाले, आणि १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री असताना मांडलेल्या दुरुस्तीने, अठ्ठेचाळीस. म्हणजे एकेका तासासाठी माणसे दहा-दहा वर्षे झगडली. हे तास कोणाला 'सापडले' नाहीत. ते कोणाच्या तरी हातातून सोडवून घ्यावे लागले.

पण लोखंड्यांनी मिळवलेला रविवार गिरणीच्या भोंग्याला लागू झाला, घरच्या चुलीला झाला नाही. रविवारी कामगार घरी राहिला म्हणजे घरचे काम उलट वाढले. एरवी डब्यात भाकरी आणि कालवण. रविवारी मटण हवे, पाहुणे हवे, दुपारी चहा दोनदा हवा. महालक्ष्मीच्या सभेत ज्या दोघीजणी बोलल्या, त्यांनी रविवारसाठी आवाज उठवला. त्यांचा स्वतःचा रविवार कसा गेला असेल, याचा विचार आम्ही तीस वर्षे ही गोष्ट सभांतून सांगत असताना एकदाही केला नव्हता.

आता आजचा हिशेब घ्या. सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतो याची. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, म्हणजे मिनिटभर कमी पाच तास. जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटे. आणि 'जे करतात' हे शब्द नीट ऐका; असे पुरुष शंभरात सव्वीस निघाले, बायका एक्क्याऐंशी.

ही सरासरी घरकाम करणाऱ्या सगळ्या बायकांची आहे. नोकरी करणारीला घरकामाचे तास काही कमी पडत असतील, म्हणून आपण चारच धरू. डोंबिवलीची एखादी भगिनी डोळ्यांपुढे आणा. कचेरीचे, मधली सुटी धरून, साडेआठ तास. घर ते कचेरी दीड तास, येताना दीड. दिवा-मुंब्र्याला गाडी अडली तर तो प्रश्न वेगळा. घरकामाचे चार. बेरीज साडेपंधरा. चोवीसातून गेले, राहिले साडेआठ. सात तास झोप धरली तर उरला दीड तास, आणि त्यात आंघोळ, दोन्ही वेळचे जेवण, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांचे औषध, गच्चीवरचे कपडे. यातून गोधडीला वेळ काढायचा!

तरीही या बायका काढतात, हे नवल. महिलांच्या डब्यात पाहा. बसायला जागा मिळाली की पिशवीतून कोणी मेथी काढते आणि निवडू लागते, कोणी क्रोशाची सुई काढते. ठाणे यायच्या आत रुमालाची एक कड पुरी होते. मुंबई ते ठाणे ही आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. ती सुरू करणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल की, पुढे याच मार्गावर बायका घरची भाजी आणि स्वतःची हौस एकाच पिशवीत घेऊन बसतील. आम्हांला या दृश्याचे कौतुक वाटते आणि थोडी शरमही वाटते. घरात जागा नाही म्हणून जी हौस गाडीत करावी लागते, तिचे नुसते कौतुक करून आपण मोकळे होता कामा नये.

गोधडी मात्र गाडीत होत नाही. तिला अंग आहे. आमच्या आईने घातलेली एक गोधडी आम्ही टेप लावून मोजली. लांबी सात फूट, रुंदी पाच फूट. टाक्यांच्या ओळी बोटभर अंतरावर, सरासरी इंचाला एक. म्हणजे साठ ओळी, प्रत्येक सात फुटांची. सगळा मिळून ४२० फूट धावदोरा. इंचात चार टाके पडले होते. म्हणजे एका ओळीत ३३६ आणि सगळ्या गोधडीत २०,१६० टाके. सौभाग्यवतींच्या हाताने एक ओळ घालायला वीस मिनिटे लागली, घड्याळ आम्ही लावले होते. साठ ओळींचे वीस तास झाले. जुनी लुगडी धुणे, उसवणे, काठ वेगळे करणे, थर अंथरणे, ठिगळे बसवणे आणि कच्चा दोरा घालणे याचे आणखी चार तास धरा. चोवीस तास. म्हणजे आठ तासांच्या तीन पाळ्या! आणि आपण काय म्हणतो? "जुन्या कपड्यांचीच तर आहे!" कापड जुने आहे हे खरे. पण त्यात घातलेल्या तीन पाळ्या जुन्या नाहीत, त्या नव्या कोऱ्या आहेत.

आमच्या या भागात गोधडीचा संसार फार मोठा आहे. घाटावरून आलेली माणसे तिला वाकळ म्हणतात. विजापूर-धारवाडकडची मंडळी कौदी म्हणतात. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित आले, त्यांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली, आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव पडले. त्यांच्या मुलखातल्या गोधडीला रल्ली म्हणतात. बिहारची माणसे आली, त्यांच्याकडे सुजनी. बंगाली आले, त्यांच्याकडे कांथा. नावे निराळी, पण कृती एकच: जीर्ण कापडाचे थर करावेत आणि धावदोऱ्याने ते एकमेकांना धरून ठेवावेत. आम्हां संघटना बांधणाऱ्यांना ही कृती फार ओळखीची वाटते. एकेकटे कापड विरलेले असते, हात लावला तर फाटते. पाच-सहा थर एकत्र टाचले की त्याच कापडात तीन पावसाळे निघतात.

पूर्वी गोधडीला ऋतू होता. तो हाच, वसंत आणि ग्रीष्म. उन्हात लुगडी कडकडीत वाळत, शेतीची कामे उरकलेली असत, आणि पाऊस यायच्या आत पांघरुणाची सोय करायची असे. पापड-कुरडयांची वाळवणे राखता राखता अंगणात चार बाया बसत. एकीची गोधडी चौघी घालत, मग दुसरीची. चाळीतही हे चाले. लांबलचक गॅलरीत दुपारी गोधडी पसरलेली असे आणि जाणारा-येणारा पाय उचलून जाई. आता आपण फ्लॅटमध्ये आलो. दार बंद झाले, गॅलरी गेली, आणि चौघींची दुपार चार ठिकाणी विभागली. गोधडीला वेळ मिळेनासा झाला याचे एक कारण हेही आहे की, तिला जागा आणि सोबत मिळेनाशी झाली.

पण 'जुना काळ चांगला' असे म्हणायला आम्ही उभे राहिलो नाही. जुन्या काळातली एक गोष्ट सांगतो. आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. कल्याणहून रोज जात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर आले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. पहिले दोन महिने घरात उत्साह होता, मग डाळ पातळ होऊ लागली. आईने एका ठेकेदाराकडून तयार कपड्यांचे काम आणले: काजे करणे, बटणे लावणे, दोरे कापणे. डझनावर पैसे. गठ्ठे पोचवायचे काम आमच्याकडे. एकही बटण कमी भरले तर ठेकेदार डझनाचे पैसे कापी. काम पहाटे चारला सुरू होई आणि रात्री दिवा मालवेपर्यंत चाले. आईच्या उजव्या हाताच्या बोटाला घट्टा पडला, तो शेवटपर्यंत गेला नाही.

त्या सालचा उन्हाळा आला. शेजारच्या बायकांनी गॅलरीत गोधडी पसरली आणि आईला हाक मारली. आईने गठ्ठ्यावरून मान वर केली आणि म्हणाली, "बायांनो, सुईच तर धरली आहे की मी!" सगळ्या हसल्या. पण आम्हांला आठवते, ती उठली नाही. त्या वर्षी आमच्या घरी गोधडी झाली नाही.

या गोष्टीचा अर्थ आम्हांला फार उशिरा कळला. सुई तीच, हात तोच, बाईही तीच. गॅलरीत ती बसे तेव्हा ओळ कोठे संपवायची, ठिगळ लाल लावायचे की हिरवे, हे तिचे ती ठरवी. मध्येच थांबून गप्पा मारी. ठेकेदाराच्या गठ्ठ्यावर बसे तेव्हा यांतले काहीच तिच्या हाती नव्हते. म्हणून कोणी म्हणाले की, "बायकांना शिवणाची आवड असते, घरबसल्या दोन पैसे मिळतात, बरेच आहे", तर आम्ही त्याला विचारतो, तास कोणाचे? स्वतःचे की ठेकेदाराचे? आवडीचे काम दुसऱ्याच्या घड्याळावर गेले की आवड राहत नाही, कामच उरते.

आणि ते काम कामच आहे हे पटवून द्यायलासुद्धा लढावे लागले. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' ही कष्टकरी स्त्रियांची संघटना काढली, तेव्हा नोंदणीच्या वेळी अडचण काढण्यात आली की, या बायकांना मालकच नाही, मग कामगार संघटना कसली? त्या संघटनेत ज्या बायका आल्या, त्यांत गिरण्यांच्या चिंध्या आणून त्यांच्या खोळी शिवणाऱ्याही होत्या. म्हणजे घरातल्या घरात सुई चालवणारी बाई कामगार आहे, हे आपल्या देशात सिद्ध करायला विसाव्या शतकाचा तिसरा चरण संपत यावा लागला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरकामगारांसाठीचा करार १९९६ साली केला. आमच्या आईची बटणे लावून झाली होती तोपर्यंत.

कोणी म्हणेल, शिवणयंत्र घ्या, वेळ वाचेल. यंत्राला आमचा विरोध नाही. गांधीजी यंत्रांवर एवढी टीका करीत, पण १९२४ साली त्यांनीही शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली, कारण हाताने शिवण्याचे कष्ट ते वाचवते. पण वाचलेला वेळ जातो कोठे, हे पाहिले पाहिजे. गॅस आला, मिक्सर आला, कपडे धुण्याचे यंत्र आले. त्या मानाने घरातल्या बाईच्या हाती किती दुपारी आल्या? वाचलेल्या तासावर तिचे नाव आधी लिहून ठेवले नाही, तर घर तो तास गिळून टाकते. कारखान्यात नवे यंत्र आले म्हणून मालकाने आपण होऊन कामाचे तास कमी केल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

दुसरा आक्षेप असा की, बाजारात ब्लँकेट स्वस्त मिळते, मग चोवीस तास गोधडीत कशाला घालवावेत? याला आमचे सरळ उत्तर आहे. रविवारी क्रिकेटचा सामना पाहणाऱ्या पुरुषाला कोणी विचारते का, की यातून काय मिळाले? आठ तास आपल्या मर्जीचे, असे म्हटले की मर्जीला कारण विचारायचे नाही. बाईने त्या तासात गोधडी घालावी, भरतकाम करावे, की नुसते खिडकीत बसावे, तिचे ती पाहील. गोधडी उपयोगाची आहे म्हणून तिला वेळ द्या, असे आम्ही म्हणत नाही. वेळ तिचा आहे म्हणून द्या, असे म्हणतो.

तिसरा आक्षेप पुरुष मनात ठेवतात, बोलत नाहीत: सुई हे बायकांचे काम. अहो, नामदेव महाराज शिंपी कुळातले. ठिगळांचे वस्त्र पांघरून हिंडणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेमहाराज म्हणत. फौजेतला जवान आपले बटण आपणच लावतो. बाजारातल्या शिंप्याच्या दुकानात यंत्रावर पुरुषच बसलेला असतो. पैसे मिळत असतील तर सुई पुरुषाची, आणि न मिळतील तर बाईची, असा हा न्याय आहे.

आता आमच्या घरी काय झाले ते सांगितले पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे पोकळ ठरेल. एक मेनंतरच्या रविवारी आम्ही घरात बैठक घेतली. एका बाजूला सौभाग्यवती, दुसऱ्या बाजूला आम्ही, दोन मुले आणि आमचे म्हातारे वडील. करार असा झाला: रविवारी तीन ते पाच त्यांचे. त्या वेळात चहा, भांडी, दारावरची घंटा, वडिलांचे औषध, सर्व आमच्याकडे. बाहेरच्या खोलीतला दिवाण बाजूला सरकवायचा, म्हणजे गोधडी पसरता येईल.

करार पहिल्याच महिन्यात मोडला, आणि आम्हीच मोडला. रविवारी साडेतीनला युनियनची सात माणसे तातडीच्या कामासाठी आली. आम्ही सवयीने आत डोकावून म्हणालो, "जरा चहा टाकतेस का?" त्या उठल्या. गोधडी गुंडाळली, चहा केला. काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन रविवार त्यांनी गाठोडे खाली काढलेच नाही. मालकाने करार मोडला की आम्ही गेटवर काय काय बोलतो, ते आम्हांला त्या दोन रविवारांत आठवत होते.

तिसऱ्या रविवारी वडिलांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात घरी चहा केला नव्हता, सकाळीच आम्हांला बोलावले आणि विचारले, "गॅस कसा पेटवतात, दाखव." तीनच्या सुमारास ते ओट्याशी जाऊन उभे राहिले. चहा काळाकुट्ट झाला होता. पण गाठोडे खाली आले. तेव्हापासून बैठका आम्ही कार्यालयात घेतो. वडील आता नाहीत. शेवटची दोन वर्षे सुनेच्या सुयांत दोरे ओवून ठेवण्याचे काम त्यांनी आपण होऊन घेतले होते. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यावर दृष्टी चांगली आली होती. रविवारी दुपारी वीस सुया दोरे ओवून एका जुन्या उशीवर टोचलेल्या असत.

या अनुभवावरून आणि आमच्या युनियनमधल्या भगिनींशी बोलून आम्ही एक मागणीपत्र तयार केले आहे. ते आपण घरी न्यावे.

पहिली मागणी: वेळ ठरलेला हवा. 'सवड मिळेल तेव्हा' हा करार नव्हे, ते आश्वासन आहे. आठवड्यातून दोन तास असले तरी वीस तासांच्या टाक्यांना दहा आठवडे पुरतात. आज सुरुवात केली तर गोधडी पावसाळ्यात अंगावर येईल.

दुसरी: जागा हवी. पसरायला जागा नसेल तर गोधडी हात-हात लांबीच्या चौकोनांत करावी आणि शेवटी जोडावी. असा चौकोन पिशवीत मावतो, मांडीवर मावतो, आणि बसायला मिळाले तर गाडीतही चालतो. तुकडे, कात्री, दोरे आणि ओवलेल्या सुया एका डब्यात कायम तयार असाव्यात, कारण अर्ध्या तासातली पंधरा मिनिटे कात्री शोधण्यात जातात. त्या डब्यातल्या कात्रीने घरातल्या कोणी दुधाची पिशवी कापू नये, हे पोटकलम.

तिसरी: बदली सुटी. पाहुणे आले, कोणी आजारी पडले, तर तो वेळ बुडाला असे नाही. तो त्याच आठवड्यात भरून द्यावा.

चौथी: अर्धवट राहिलेल्या कामाबद्दल टोमणा नाही. कारखान्यातही एका पाळीचे काम पुढची पाळी उचलते.

पाचवी: सोबत. आपल्या सोसायट्यांच्या सभागृहांत वर्षातून चार समारंभ होतात आणि बाकी दिवस कुलूप असते. आठवड्यातून एक दुपार ते कुलूप काढावे, सतरंजी टाकावी. चौघींची गोधडी पुन्हा चौघींनी घालावी. आणि तेवढा वेळ त्यांच्या घरची मुले आणि म्हातारी माणसे पुरुषांनी सांभाळावीत.

हे मागणीपत्र मान्य होण्यासाठी संप करावा लागू नये, अशी आमची इच्छा आहे. कारण तो झाला, तर आमचा अनुभव सांगतो, मालकपक्ष एका दिवसाच्या वर टिकणार नाही.

आईची ती अर्धी गोधडी पुढच्या वर्षी पुरी झाली. तिच्यावरचे टाके पाहिले तर कोणाचे कोणते ते कळते. आईचे बारीक आणि सरळ, तेहतीस ओळी. सौभाग्यवतींचे जरा लांब, चोवीस ओळी. शेवटच्या तीन ओळी वाकड्यातिकड्या आहेत, आणि त्यांतल्या दोन मध्येच सुटल्या होत्या, त्या पुन्हा घालाव्या लागल्या. त्या आमच्या आहेत. एक ओळ घालायला आम्हांला पाऊण तास लागला, आणि अंगठ्याला सुई दोनदा टोचली. २०,१६० टाक्यांचा हिशेब आम्ही आज आपल्यापुढे एवढ्या ठामपणे मांडला, तो त्या तीन ओळींच्या जोरावर.

आपण उन्हाळ्याच्या संध्याकाळी एवढा वेळ काढून आलात. ज्यांच्या घरी हा वेळ दुसऱ्या कोणी भरून दिला असेल, त्यांनी परत गेल्यावर तो कोणी दिला हे एकदा पाहावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.